बिबाताचं बोळाएवढं घर

बिबाता निकियेमाला घर बांधायचं नव्हतं. तिला माग चालवायचा होता आणि तो पावसात भिजू नये, एवढीच तिची इच्छा होती. पण रस्ता रुंद करणारे आले, भिंतीवर लाल फुली मारून गेले, आणि नंतर एका सकाळी फुलीसकट भिंत घेऊन गेले. पुढच्या दोन खोल्या, आंब्याचं झाड आणि निम्मं आवार डांबराखाली गेलं. उरला तो एक पट्टा. एका बाजूला म्हाताऱ्या तासेरेची भिंत, दुसऱ्या बाजूला गोदामाची, मागे शाळेचं मैदान आणि पुढे नवा रस्ता. त्या पट्ट्यात गाढवगाडी नेली तर वळवता येत नाही, गाढवाला उलटं चालवत बाहेर काढावं लागतं. हे आम्ही करून पाहिलं आहे. गाढवाला आवडलं नाही.

माझं पंक्चरचं दुकान रस्त्याच्या बरोबर पलीकडे आहे. वागाडुगूत टायर भरपूर फुटतात, पण दिवसभर फुटत नाहीत. मधल्या वेळात समोर बघण्यावाचून मला दुसरं काम नसतं. त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

बिबाता ही नोआगाची धाकटी बायको. थोरली अलिझेता. नोआगा ट्रक चालवायचा. तो होता तोवर दोघींना एकमेकींशी बोलावं लागायचं नाही. जे सांगायचं ते तो फेरीवरून आला की त्याच्यामार्फत. तो वारला आणि ही सोय बंद पडली. मग त्या शेळीशी बोलू लागल्या. अलिझेता शेळीला सांगायची, "शेळे, रांजण रिकामा आहे, कुणाला दिसत नाही वाटतं." बिबाता शेळीला सांगायची, "शेळे, काल पाणी मी आणलं होतं, कुणाला आठवत नसेल." शेळी दोघींचं ऐकून घ्यायची आणि सूत खायची.

जागा गेल्यावर गावाकडून थोरला दीर राओगो निवाडा करायला आला. बिबाताला मूलबाळ नव्हतं. अलिझेताचा मुलगा सिबिरी परदेशात, आबिजानला होता. बिबाताला वाटलं, आता आपल्याला माहेरी पाठवणार. राओगोने जागा पाहिली, कोंबडी खाल्ली आणि म्हणाला, "जागा एक, दार एक, रांजण एक. दोघींनी इथंच राहायचं." मग तो संध्याकाळच्या बसने निघून गेला. त्याला तिथे राहायचं नव्हतं.

बिबाता कामाला लागली. तिने खुंट्या ठोकल्या आणि मागाचं सूत घेऊन जमिनीवर घर मांडलं. निळ्या सुताच्या भिंती, लाल सुताची चूल, आणि पुढच्या दारापासून मागच्या खिडकीपर्यंत सरळ पिवळं सूत. रस्त्याच्या बाजूला तिची खोली, मैदानाच्या बाजूला अलिझेताची, मध्ये अंगण, त्यातच चूल. अलिझेता येऊन उभी राहिली. तिचे गुडघे दुखत, त्यामुळे ती एकदा उभी राहिली की लवकर हलायची नाही.

"शेळे, ही निळी सुतं दोन-दोन का टाकलीत? मध्ये हातभर जागा कशाला?"

"ती भिंत आहे," बिबाता शेळीला म्हणाली.

"एवढी जाड?"

"मातीच्या कमानीला एवढी लागते."

"मग आम्ही राहायचं कुठं? भिंतीत?"

"भिंतीत कोनाडे आहेत," बिबाता म्हणाली.

मातीच्या कमानीचं खूळ तिच्या डोक्यात एका मयताला जाऊन आल्यावर शिरलं होतं. चुलत बहिणीच्या गावी ती ऐन एप्रिलमध्ये गेली होती. तिथली खोली कच्च्या विटांची, छप्परही विटांच्याच कमानीचं, लाकूड नाही की पत्रा नाही. सांत्वनाला बसलेल्या बायकांमध्ये बिबाताला बसल्या बसल्या गाढ झोप लागली. परत आल्यावर ती मयतापेक्षा छपराबद्दलच जास्त बोलली. पत्र्याखाली उभा जन्म काढलेल्या बाईला तिथे हुंदके काढणंसुद्धा गारव्यात जमत होतं, याचं तिला फार वाटलं.

गवंडी म्हणून लासिना टोए आला. तो सामो जमातीचा. आम्ही मोशी. मोशी आणि सामो यांनी एकमेकांना गुलाम म्हणायचं, वाटेल ते बोलायचं आणि रागवायचं नाही, हे पणजोबांच्या आधीपासून ठरलेलं आहे. लासिनाने पट्टा पाहिला, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"घर कुठं बांधायचं, मावशी?"

"इथंच."

"हा बोळ आहे."

"हीच जागा."

"आम्ही सामो कोंबडीलासुद्धा याहून मोठं घर देतो."

"तुमच्यात कोंबडीच काय ती शहाणी, म्हणून देत असाल."

लासिना खूश झाला. त्याने पिशवी खाली ठेवली आणि सुतावरून चालत पार मागच्या टोकापर्यंत जाऊन आला. दोन्ही अंगांना परक्या भिंती, तेव्हा खिडक्या बाजूला काढता येणार नाहीत, हे त्यालाही दिसलं. हवा यायची ती समोरून नाहीतर मागून. दारं, खिडक्या सगळी एका रेषेत हवीत. अंगणावर गवताच्या चटया टाकल्या की सावली होईल आणि वारा वर न उडता सरळ आरपार जाईल. "गुलाम असून डोकं आहे तुला," तो म्हणाला. बिबाताने त्याला आल्याचं झूमकूम प्यायला दिलं. बाजरीच्या पिठाचं ते पेय ती फक्त आवडत्या माणसांना द्यायची.

अलिझेताला हे मुळीच पसंत नव्हतं. "शहरात येऊन माती!" ती शेळीला म्हणायची. "गावात काय कमी होती? लोक काय म्हणतील?" लोक काही म्हणाले नाहीत. लोकांना दया आली. विटा वाळत घातल्या तशी रोज कुणी ना कुणी अर्धं उरलेलं सिमेंटचं पोतं दाराशी ठेवून जायला लागलं. "राहू दे गं, कुणाला सांगू नकोस," असं हळूच म्हणायचे आणि पाठीवर हात ठेवायचे. नोआगा गेला तेव्हासुद्धा इतके लोक आले नव्हते. तासेरेने एक अख्खा पत्रा दिला. बिबाताने सगळं घेतलं. सिमेंट पावसाच्या पाण्याच्या टाकीला वापरलं. पत्र्याचं कोंबड्यांचं खुराडं केलं.

कमान चढायला लागली तसं आमच्या बाजूला बाकावर गर्दी व्हायला लागली. लासिना मागच्या भिंतीला टेकवून तिरक्या विटा लावत पुढे पुढे येत होता. खाली आधार काही नाही, नुसती ताणलेली दोरी. वीट लावून तो हात काढायचा आणि बाकावरचे सगळे श्वास धरायचे. वीट पडायची नाही. श्वास सोडताना लोकांच्या तोंडावर थोडी निराशा दिसायची. तासेरे आपल्या अंगणात त्या भिंतीला टेकून बसायचा, त्याने खुर्ची उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेली. बिबाताने विचारलं, "का हो काका, भरवसा नाही का?"

"मला आहे," तासेरे म्हणाला. "खुर्चीला नाही."

मध्येच बकरी ईद आली आणि शेळी गेली. दुसऱ्या दिवशी लासिनाने विचारलं, "जिना कुठं घेऊ?" गच्चीवर झोपायला जिना हवाच होता आणि जागा एकाच जिन्याची होती. दोघींनी एकदम तोंड उघडलं आणि शेळीच्या खुंटीकडे पाहिलं. खुंटी मोकळी होती. लासिना विटेवर बसून शेंगदाणे खात राहिला.

शेवटी अलिझेता म्हणाली, "धाकटे, जिना माझ्या दारासमोर नको."

"मग कुठं, आक्का?"

"तुझ्या दारासमोर."

"माझ्या दारासमोर ताणा येतो."

"कसला ताणा?"

बिबाता विटा मोजू लागली. अलिझेताने पुढच्या दाराकडे पाहिलं, मागच्या खिडकीकडे पाहिलं, मधल्या सरळ रेषेकडे पाहिलं. मागावर चढवायच्या सुताचा ताणा जितका लांब मांडता येईल तितकं कापड लांब निघतं, हे नोआगाच्या घरात शेळीलाही माहीत होतं.

"माझ्या खोलीतून?" अलिझेता म्हणाली. "तुझं सूत माझ्या खाटेवरून जाणार? आणि मला सांगितलंस वाऱ्याची वाट!"

"वाऱ्याचीही आहे," बिबाता म्हणाली.

जिना गोदामाच्या भिंतीला लागून झाला. वर गेल्यावर डावीकडची गच्ची एकीची, उजवीकडची दुसरीची. अलिझेताने तो शेवटपर्यंत मोजूनमापून चढायचा ठरवला आणि गुडघ्यांमुळे दोन पायऱ्यांवर सोडला.

घर मार्चमध्ये पुरं झालं. एप्रिलमध्ये आमच्या रस्त्यावर कुत्रीसुद्धा उभी राहत नाहीत. त्या एप्रिलमध्ये अलिझेता दुपारी पांघरूण घेऊन झोपली. तिने घराचं कौतुक केलं नाही. एवढंच म्हणाली की माती आहे, पण आवाज करत नाही. पत्रा तापला की कडाकड वाजायचा आणि तिला त्यात नोआगाच्या ट्रकचा भास व्हायचा, असं तिने माझ्या दुकानात बसून सांगितलं. बिबातासमोर सांगितलं नाही. पाऊस आला तेव्हा तासेरे छत्री घेऊन पलीकडच्या फुटपाथवर उभा राहिला. घर काही पडलं नाही. तासेरे पूर्ण भिजला.

आता अलिझेताच्या धंद्याविषयी सांगायला हवं. ती सुमबाला करायची. नेरेच्या झाडाच्या बिया शिजवायच्या, कांडायच्या, धुवायच्या, पुन्हा शिजवायच्या, आंबवायच्या आणि त्याचे काळे गोळे वळून वाळवायचे. त्याशिवाय आमच्याकडे रश्शाला चव येत नाही. वास मात्र जबर. सुमबाला कुठल्या घरात होतोय हे पत्ता न विचारता कळतं. जुनं आवार मोठं होतं, वास इकडेतिकडे पांगायचा. नवं घर बिबाताने हवा आरपार जावी म्हणून मांडलं होतं आणि हवेसोबत आणखी काय जाईल याचा विचार तिने केला नव्हता.

पावसाळ्यात आमच्याकडे वारा रस्त्याच्या बाजूने येतो. तेव्हा बिबाताच्या मागावरची कापसाची लव उडत अंगणात जायची आणि वाळत घातलेल्या सुमबाल्यावर बसायची. काळे गोळे एका दुपारीत पांढरे व्हायचे. अलिझेता चटईपाशी बसून एकेक तंतू निवडायची आणि म्हणायची, "काल पोरगे होते, आज म्हातारे झाले." नोव्हेंबरात वारा फिरला आणि मैदानावरून धूळ घेऊन यायला लागला. आता चुलीवरून तो सरळ बिबाताच्या खोलीत शिरत होता. तिच्याकडे एका लग्नाचं काम होतं, सगळ्या वऱ्हाडाला एकाच रंगाचं कापड. नवरीची आत्या कापड न्यायला आली, तिने घडी नाकाला लावली आणि विचारलं, "हे शिवायचं आहे की शिजवायचं?"

बिबाताने कापड पुन्हा धुतलं. वास गेला नाही. तिने अंगणाकडचं आपलं दार लावून घेतलं.

ते घर म्हणजे एक नळी होती. एक टोक बंद केलं की दुसऱ्या टोकाला हवा येईना. अलिझेताने दोन दिवस वाट पाहिली आणि मग आपल्या मागच्या खिडकीची झडप खिळा ठोकून बंद केली. "तुला हवा नको ना? मग कुणालाच नको." थंडीचे दिवस होते तोवर ते खपलं. मार्च आला, एप्रिल आला. दोघींपैकी कुणीच उघडेना. अख्ख्या वस्तीतलं सगळ्यात गार घर दोन्ही टोकांना बंद होतं आणि त्याच्या मालकिणी माझ्या दुकानात, पत्र्याखाली, बाकाच्या दोन टोकांना बसून घाम पुसत होत्या. मध्ये मी टायर ठेवायचो.

अशाच एका दुपारी लासिना मोटरसायकलवरून आला. मागे एक बाई होत्या, त्यांना घर बांधायचं होतं. लासिना वाटभर त्यांना या घराबद्दल सांगत आला असणार, कारण उतरतानाही त्याचं तोंड चालूच होतं. "आत पाऊल टाका, मग बोला," तो म्हणाला आणि दार ढकललं. दार उघडलं नाही.

"मालकिणी कुठायत?" त्याने मला ओरडून विचारलं.

"इकडे," मी म्हणालो.

तो रस्ता ओलांडून आला. त्याने बाकाकडे पाहिलं, वरच्या पत्र्याकडे पाहिलं.

"काय गुलामांनो," तो म्हणाला, "मी तुम्हाला घर दिलं, आणि तुम्ही भट्टीत येऊन बसलात?"

"हिचा वास," बिबाता म्हणाली.

"हिचा हट्ट," अलिझेता म्हणाली.

"गाढवाला मी बोळातून उलटं बाहेर काढलेलं आहे," लासिना म्हणाला. "त्याला एकदा सांगून कळलं. तुम्ही दोघी मोशी, तुम्हाला सांगायला माझं आयुष्य पुरणार नाही. नोआगा ट्रक घेऊन इतका लांब लांब का जायचा, ते आज समजलं मला."

दुसरं कुणी असं बोललं असतं तर आमच्या रस्त्यावर त्याचा टायर पुन्हा भरला गेला नसता. सामो असल्यामुळे त्याला माफ होतं. अलिझेता हसली. तिने पदराने तोंड झाकलं, पण खांदे हलताना दिसले. आणि मग ती डोळे पुसत बसली, बराच वेळ, आणि तो घाम नव्हता. बिबाता उठली नाही. मधला टायर तिने पायाने बाजूला सरकवला. गिऱ्हाईक बाई घर न बघताच गेल्या. लासिनाने त्यांना सांगितलं की आत रंगकाम चालू आहे.

दुसऱ्या दिवशी बिबाता लाल सूत घेऊन गच्चीवर दिसली. लासिनाला बोलावून तिने विचारलं की चूल वर घेतली तर कमान पेलेल का. कमानीच्या मध्यावर नको, भिंतीच्या डोक्यावर ठेव, तो म्हणाला. तिथून वास घरावरून जाईल, घरातून जाणार नाही. हे अलिझेताला सांगायला ती खाली आली.

"आक्का, चूल मीच चुकीच्या जागी मांडली होती."

"ते मला पहिल्या दिवशीच माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"शेळीला बोलले होते."

"आता वर घेतेय."

"माझे गुडघे चढत नाहीत."

"पातेलं मी नेईन."

"आणि मी काय करू?"

"तुम्ही खालून ओरडा."

तसंच झालं. आठवड्यातून दोनदा बिबाता भरलेलं पातेलं डोक्यावर घेऊन जिना चढायची आणि अलिझेता अंगणात खुर्ची टाकून खालून सांगायची. "लाकूड मागे ओढ! ढवळू नकोस, ढवळू नकोस म्हणते ना! पाणी दिसतंय का? मग आणखी!" वरून बिबाता म्हणायची, "ऐकू आलं, अख्ख्या वागाडुगूला ऐकू आलं." कापडाचा वास गेला. बिबाताला स्वतःला मात्र सुमबाल्याचा वास यायला लागला. लग्नाचं दुसरं काम घेऊन आलेल्या बाईने नाक जवळ नेऊन विचारलं, "सुमबालाही देता का?" तेव्हापासून पुढच्या दारात कापडाच्या घड्यांशेजारी एक परात आली.

दोन वर्षं अशी गेली आणि मग सिबिरीने आईला आबिजानला बोलावून घेतलं. नातू झाला होता. अलिझेताने बोचकं बांधलं, मला हात केला, बिबाताला "झडपेला तेल लाव" एवढं सांगितलं आणि गेली.

आता सगळं घर बिबाताचं. तिने पहिल्याच दिवशी ताणा मांडला. पुढच्या दारापासून, अंगणातून, अलिझेताच्या खाटेवरून, थेट मागच्या खिडकीपर्यंत. इतका लांब ताणा तिने जन्मात मांडला नव्हता. त्याखालून एकदाही कुणी वाकून गेलं नाही, कुणी शिवी दिली नाही. दोन दिवसांनी तिने तो गुंडाळून ठेवला आणि आखूड कापड विणायला घेतलं. मी विचारलं, तर म्हणाली, सूत कमी पडलं. सूत भरपूर होतं, परातीशेजारीच ठेवलेलं.

परात रिकामी झाली तशी गिऱ्हाइकं विचारायला लागली. बिबाताने ठरवलं, आपणच करू. इतके दिवस वर उभं राहून ढवळलं ते काय उगीच? तिने बिया शिजवल्या, कांडल्या, धुतल्या, आंबवायला ठेवल्या आणि गोळे वळले. दिसायला ते ठीक होते. त्यातले मला दिले. मी रश्शात घालून खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं.

तासेरेनेही खाल्ले. त्याच्याकडे अलिझेताचा फोन नंबर होता.

अलिझेता आठवड्याच्या आत बसमधून उतरली. बोचकं माझ्या बाकावर ठेवलं, रस्ता ओलांडला आणि दारातूनच म्हणाली, "माझ्या नावाने मेलेला उंदीर कोण विकतंय?"

बिबाता मागावरून उठली. "गिऱ्हाइकं विचारत होती."

"म्हणून विष दिलंस?"

"तुम्ही ओरडायला नव्हता."

अलिझेताने परातीतला एक गोळा उचलून फोडला, हुंगला आणि रस्त्यात फेकला. "आंबवायला कुठं ठेवलं होतंस?"

"कोनाड्यात. माझ्या."

"तुझ्या कोनाड्यात सरबत गार होतं, मूर्ख! आंबायला ऊब लागते. या घरात ऊब आहे कुठं?"

"मग तुम्ही कुठं ठेवायचात?"

"कोंबड्यांच्या खुराड्यात. पत्र्याखाली," अलिझेता म्हणाली. "अख्ख्या घरात तेवढीच एक नीट जागा आहे, आणि ती तू कोंबड्यांना दिलीस."

बिबाताने आत जाऊन मागच्या खोलीतली खाट झटकली. संध्याकाळी दोघी बाजरीच्या घट्ट उकडीचं, म्हणजे 'टो'चं, पातेलं मध्ये ठेवून जेवायला बसल्या. परत कधी जाणार, असं बिबाताने विचारलं. अलिझेता म्हणाली, सिबिरीच्या घरी पंखा आहे. तो दिवसभर फिरतो आणि खोलीतली तीच तीच हवा अंगावर टाकतो. सून चांगली आहे, उलट बोलत नाही. दिवसभर कुणी उलट बोलत नाही म्हणजे काय असतं ते तुला कळायचं नाही, ती म्हणाली. ती पुन्हा गेली नाही. नातूच सुट्टीत येतो.

आमच्या वस्तीत आता मातीची आणखी तीन घरं झाली आहेत. घर मांडायला लोक बिबातालाच बोलावतात. ती सूत घेऊन जाते आणि आधी घरातल्या बायकांना विचारते, काय शिजवता, आणि कुणाशी बोलत नाही. भिंती, दारं हे नंतर. तासेरेच्या सुनेने यावर उत्तर द्यायला इतका वेळ घेतला की खुंट्या ठोकेपर्यंत अंधार पडला.

यंदाचा एप्रिलही असाच आहे, डांबर चपलेला चिकटतंय. काल दुपारी एक मोटरसायकलवाला बिबाताच्या दारासमोर थांबला. हेल्मेट काढलं आणि दारातून बाहेर येणाऱ्या वाऱ्यात डोळे मिटून उभा राहिला.

"कापड बघायचंय का?" बिबाताने विचारलं.

"नाही मावशी. नुसता उभा आहे."

"मग बाजूला उभा राहा, गिऱ्हाइकाला दार दिसत नाही."

"उभा राहू दे गं त्याला," मागच्या खोलीतून अलिझेता ओरडली. "तुझं काय जातंय?"

तो बराच वेळ तसाच उभा होता. मग त्याने प्यायला पाणी मागितलं, आणि ते कुणी उठून द्यायचं यावरून आत दोघींचं सुरू झालं. मी माझ्याकडचं माठातलं पाणी नेऊन दिलं.